वरचे तीन नमस्कार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. खीबोएचे श्वे मास्तर ती अकरा वेळा चढले होते, आणि तरी गावात त्यांना शहाणाच म्हणत. आता बोला!

गुन्हा नाही, भांडण नाही, भाऊबंदकी नाही. माणूस जायचा तो जाणकार म्हणून. चांगहुआच्या एका लहानशा कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि उरलेल्या वेळात असल्या धर्मांच्या मागे हिंडायचा, ज्यांना सरकारी फॉर्मात रकानाच नसतो. कुठे वीस घरांचा पंथ, कुठे एका डोंगराचा देव, कुठे बंदूक हातात धरणार नाही म्हणणारी पोरं. असलं एखादं प्रकरण न्यायाधीशापुढे आलं की न्यायाधीश डोकं खाजवायचे. या लोकांत असा नेम खरंच आहे, की सवलत मिळावी म्हणून आत्ताच काढलाय? मग श्वे वेन-शान यांना बोलावणं जायचं. मास्तर राखाडी कोट चढवायचे, बसने जायचे, खरं सांगीन अशी शपथ मोठ्याने वाचायचे, आणि त्या वीस घरांचा देव न्यायाधीशांना समजेल अशा भाषेत सांगून संध्याकाळच्या जेवणाला परत यायचे.

"आले देवांचे वकील," बायको म्हणायची. तिचं नाव आ-ग्योक, जिभेला धार. "यातल्या एका तरी देवाने आपल्या घराची गळती थांबवली का हो?"

"मी वकील नव्हे. जाणकार साक्षीदार," मास्तर चिडून म्हणायचे. दर वेळी तेच म्हणायचे आणि दर वेळी तितकेच चिडायचे. कारण त्या एका शब्दाचा त्यांना भारी अभिमान होता. वकील आपल्या बाजूचं बोलतो. जाणकार फक्त खरं बोलतो.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बारावं प्रकरण आलं ते अगदी घराजवळचं. खीबोएच्या तळ्यापलीकडे लाल विटांचं एक बैठं देऊळ आहे, त्याला सगळे शाकघर म्हणतात. शानदे शाकघर. तिथे राहणाऱ्या बायकांना शाक-आत्या म्हणायची रीत. कुणी लग्न न केलेली, कुणी लहानपणीच विधवा झालेली, कुणी पाच बहिणींतली नकोशी म्हणून आणून सोडलेली. मांस-मासळी नाही, कांदा-लसूण नाही, डोक्यावर केस मात्र आहेत. मागे घट्ट अंबाडा. पाच नेम मरेपर्यंत पाळायचे: जीव मारायचा नाही, चोरी नाही, वावगं वागणं नाही, दारू नाही आणि खोटं बोलायचं नाही. मेल्यावर मुलंबाळं नसतात, म्हणून प्रत्येकीच्या नावाची लाकडी पाटी शाकघरातच उभी करतात आणि मागे राहिलेल्या बायका तिला ऊद दाखवतात. अशा सत्तावीस पाट्या झाल्या होत्या. जिवंत आत्या राहिली होती एकच. लिएन आत्या. वय एक्याऐंशी, पैकी पंचाहत्तर वर्षं याच छपराखाली.

सरकारच्या दप्तरात मात्र शानदेची नोंद होती 'बौद्ध मंदिर' म्हणून. फार जुनी नोंद. आणि त्या नोंदीवरून डोंगरावरच्या मोठ्या मठाने दावा लावला होता. बौद्ध मंदिराचा कारभार दीक्षा घेतलेल्या भिक्षूकडे असायला हवा. या बाई भिक्षुणी नाहीत. तेव्हा जागा रिकामी करून द्यावी.

मठाचे भिक्षू ह्वेइ-चाओ माणूस वाईट नव्हते, उगाच कशाला बोला. त्यांना तिथे म्हाताऱ्यांसाठी घर बांधायचं होतं. येताना पपनसांची पिशवी घेऊन आले आणि अगदी हात जोडून म्हणाले, "आत्या, तुम्हाला कोण काढतंय? मुंडण करा, माझ्याकडून दीक्षा घ्या आणि सुखाने राहा. या पाट्या आपण मठाच्या मनोऱ्यात नेऊ. तिथे प्रत्येकीला नंबर मिळेल."

"या वयात मुंडण केलं तर मेल्यावर या पाट्यांवरच्या बायका मला ओळखायच्या कशा?" आत्या म्हणाली. "आणि नंबर कशाला? त्यांना नावं आहेत की."

पपनसं तिने ठेवून घेतली आणि पाट्यांपुढे मांडली. देणाऱ्याचा अपमान करू नये.

आत्याची वकील फान नावाची पोरगी होती. सरकारी मदतीतून फुकट मिळालेली, पण कामाला वाघीण. ती मास्तरांकडे आली ती चप्पल काढता काढताच बोलायला लागली. "सर, सगळं एका प्रश्नावर आहे. शानदे हे बौद्ध मंदिर आहे की दुसऱ्याच पंथाचं घर आहे? दुसऱ्या पंथाचं ठरलं तर त्यांचा मुखत्यार त्यांच्या रीतीने ठरतो, मठाचा काही संबंध नाही. आणि हे सांगू शकणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस आहे."

"दुसराच पंथ आहे," मास्तर म्हणाले. "लुंगहुआ. त्यांचा मूळ गुरू वेगळा, पोथ्या वेगळ्या, दीक्षा वेगळी. यात वादच नाही."

"मग जिंकलो!" फान म्हणाली, आणि आ-ग्योकने पुढे केलेला तिळाचा लाडू तिने अख्खा तोंडात टाकला.

मास्तरांनी अहवाल लिहिला. नऊ मुद्दे. या पंथात दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकीचं नाव 'पू' अक्षराने सुरू होतं, आणि सत्तावीसच्या सत्तावीस पाट्यांवर ते आहे. मुंडण नाही. गुरूच्या तोंडून शिष्येच्या कानात जाणारा मंत्र आहे. सातवा मुद्दा त्यांचा खास लाडका होता. अमावास्येला आणि पौर्णिमेला आत्या नेमाचे बारा नमस्कार घालतात आणि त्यानंतर, कुठल्याही बौद्ध मंदिरात नसलेले, वरचे तीन. मास्तरांनी ते चाळीस वर्षांपूर्वीच टिपले होते. त्यांचं कारण चार वेळा विचारलं, चारी वेळा आत्या नुसत्या हसल्या. शेवटी मास्तरांनी स्वतःच शोध लावला की ते आकाश, पृथ्वी आणि पूर्वज यांना असावेत. त्यावर त्यांचा पंधरा पानी लेख आहे. दोन ठिकाणी छापून आला होता.

अहवाल कोर्टात गेला. दहाव्या दिवशी फान पुन्हा दारात. या वेळी चप्पल न काढता उंबऱ्यावरच उभी राहिली आणि एक झेरॉक्स पुढे केली.

"सर, हे तुमचंच ना?"

एका जुन्या प्रबंधाचं पान होतं, पान त्रेचाळीस. खाली सन एकोणीसशे ऐंशी. एका ओळीला मठाच्या वकिलाने लाल रेघ मारली होती: 'शानदे येथील स्त्रिया बौद्ध असून हे शाकघर सर्वार्थाने बौद्ध मंदिरच होय.' लिहिणार, श्वे वेन-शान.

आ-ग्योक आतून चहा घेऊन आली, तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि चहा परत आत नेला.

"मठाचा याओ वकील एवढंच विचारणार," फान म्हणाली. "म्हणणार, मास्तर, तुमचंच पुस्तक तुमच्याविरुद्ध बोलतंय. पण घाबरू नका, वाट आहे. तुम्ही तेव्हा पोरसवदा होतात. लष्करी कायद्याचे दिवस. आत्या घाबरून तुम्हाला बौद्ध म्हणाल्या असतील, तुम्ही विश्वास ठेवलात. फसलात! संशोधक फसतात. तसं सांगा आणि मोकळे व्हा."

"फसलो," मास्तर म्हणाले.

"हो. कागदोपत्री काही अडचण नाही त्यात."

दुसऱ्या दिवशी मास्तर सायकल काढून शाकघरात गेले. लिएन आत्या अंगणात मुळ्याचे काप वाळत घालत होती. मास्तरांनी झेरॉक्स दाखवली. तिने ती लांब धरून पाहिली, वाचता येत नव्हतं तरी.

"हे ते लिओ कारकुनाच्या फटफटीवर बसून आला होतास तेव्हाचं?"

"तेव्हाचंच."

आत्या हसायला लागली. "काय तुझा थाट! नगर कार्यालयाचा कारकून पुढे आणि मागे तू. इस्त्रीची विजार, खिशाला पेन. आणि आल्या आल्या विचारलंस काय, तर तुमचा धर्म कोणता! अरे, कारकुनाच्या फटफटीवरून उतरणाऱ्याला कुणी धर्म सांगतं का? त्याला दप्तरात आहे तेच सांगायचं. तुझ्या आधी जनगणनेवाला आला, त्यालाही तेच. पोलीस आला, त्यालाही तेच. जपान्यांच्या वेळी माझ्या गुरूच्या गुरूनेही तेच सांगितलेलं. पाटी लावायची आणि आत आपलं करायचं."

ही चूक खरी होती, आणि आमच्याकडचा शिकलेला माणूसच ती करू शकतो. बायकांच्या घरी जायचं तर ओळखीचा कुणी पाहिजे, म्हणून मास्तरांनी गावातला सगळ्यात वजनदार माणूस गाठला होता. त्यांना वाटलं, यामुळे दार उघडेल. दार उघडलंही. तोंडं मात्र बंद झाली.

पण मास्तर तिथून हलेनात. मुळ्याचा एक काप उचलायचे, परत ठेवायचे.

"आत्या," शेवटी म्हणाले, "मी नंतरही आलो होतो."

"आलास की. चार वेळा जेवलास."

तिने वर पाहिलं नाही. दोघांनाही चौथी वेळ आठवत होती. तेव्हा शाकघराची मुखत्यार मोठी आत्या होती, पू-शिन. मास्तर एकटे आले होते, बसने, फटफटीशिवाय. मोठ्या आत्याने त्यांना सरळ स्वयंपाकघरात बसवलं होतं. ती बांबूचे कोंब सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "पोरा, तू आमच्याकडे चार वेळा जेवलास. कारकुनाला काय सांगायचं ते सांगितलं, तो सरकार आहे. पण ताटावर बसलेल्याशी मी खोटं बोलले तर माझा पाचवा नेम मोडतो. आम्ही भिक्षूंच्यातल्या नाही. आम्ही लुंगहुआच्या. हे तुझ्या कागदावर आलं तर बंदी घातलेल्या पंथाचे म्हणून आम्हाला उचलतील. आता तू काय लिहायचं ते तुझं तू बघ. मी तुला खोटं लिही म्हणणार नाही. तेही मला चालत नाही."

आणि सव्वीस वर्षांच्या श्वे वेन-शानने घरी जाऊन पान त्रेचाळीस लिहिलं. सुंदर अक्षरात, सरळसोट खोटं.

म्हणजे फसला नव्हता हो. त्याला खरं सांगितलं होतं.

घरी परतल्यावर मास्तरांनी हे बायकोला सांगितलं. ती भाताचं भांडं घासत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"बेचाळीस वर्षं शेजारी झोपते मी तुमच्या, आणि हे आज सांगताय?"

"त्यांना वाचवायला लिहिलं होतं."

"ते मान्य. कुणीही चांगला माणूस तेच करेल. पण लष्करी कायदा सत्त्याऐंशीत उठला. मग का नाही दुरुस्त केलंत?"

आ-ग्योक त्यांच्याकडे बघत राहिली. तिला उत्तर ठाऊक होतं; त्याच प्रबंधावर पदवी मिळाली, पदवीवर नोकरी, नोकरीवर हे घर. आधी कायम व्हायचं होतं. मग बढती होती. मग कोर्टाची बोलावणी सुरू झाली आणि 'जाणकार' हा शब्द नावापुढे लागला. जाणकाराने आपल्याच पहिल्या पुस्तकात जाणूनबुजून खोटं लिहिलंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"फान म्हणते, फसलो म्हणून सांगा," मास्तर म्हणाले. "तेवढ्याने भागतं."

"म्हणजे खोटारड्या कोण ठरल्या? त्या बायका."

"फक्त एक जुनी गोष्ट—"

"त्यांनी तुम्हाला जेवू घातलं हो!" आ-ग्योकने भांडं आपटलं. "खाल्ल्या मिठाला तरी जागा. मला काय विचारता? तुम्हीच ठरवा." आणि तणतणत आत गेली. थोड्या वेळाने इस्त्रीचा वास आला. ती राखाडी कोटाला इस्त्री करत होती, आणि नाक ओढल्याचाही आवाज येत होता.

मास्तर माळ्यावर चढले. जुन्या वह्यांची पेटी उतरवली.

सुनावणीच्या दिवशी लिएन आत्या पहिल्या बाकावर बसली होती, निळा धुवट सदरा घालून, पाय जमिनीला टेकत नव्हते. पलीकडे भिक्षू ह्वेइ-चाओ. त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला, तिनेही केला. न्यायाधीश पन्नाशीच्या बाई होत्या. मास्तरांनी शपथ वाचली. ती त्यांना पाठ होती, तरी त्या दिवशी दोनदा अडखळले.

नऊ मुद्दे सांगून झाले. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. "सातवा मुद्दा. हे वरचे तीन नमस्कार आकाश, पृथ्वी आणि पूर्वज यांना, हे तुम्हाला त्यांनी सांगितलं की तुमचा अंदाज?"

"अंदाज."

"मग तो मुद्दा वगळू. बाकीचे आठ पुरेत."

मास्तरांना पंधरा पानं जाताना दिसली. पण दुःख करायला वेळ नव्हता, कारण याओ वकील उठला होता. गोड माणूस. आवाज अगदी तुपात तळलेला.

"श्वे सर, पान त्रेचाळीस तुमचंच?"

"माझंच."

"इथे म्हणता सर्वार्थाने बौद्ध, आज म्हणता मुळीच बौद्ध नाही. यातलं चूक कोणतं?"

"पान त्रेचाळीस."

"असं. मग ती चूक झाली कशी? मला वाटतं, मीच मदत करतो. या बायकांनी तुम्हाला तसं सांगितलं असणार, नाही का?"

फानने खालून मान हलवली. हो म्हणा.

"पहिल्या भेटीत, कारकुनासमोर, तसं सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

"म्हणजे संकट आलं की या बायका सोयीचं ते सांगतात." याओने न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. "तेव्हा पोलिसांची भीती होती, तेव्हा बौद्ध होत्या. आज जागा जाण्याची भीती आहे, आज बौद्ध नाहीत. पाचवा नेम खोटं न बोलण्याचा, असं सरांच्याच अहवालात आहे. मग सर, तुम्हाला फसवणाऱ्या बायकांवर या कोर्टाने का विश्वास ठेवावा?"

आत्याने पाय हलवायचे थांबवले. मान खाली घातली नाही, पण पंचाहत्तर वर्षं पाळलेला नेम भर कोर्टात कुणी असा झटकून टाकला, ते तिला लागलं होतं. मास्तरांना ते दिसलं. मला विचाराल तर त्या क्षणी त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मोठी आत्या जाऊन वीस वर्षं झाली होती. लिएन आत्या तर कधीच बोलली नसती.

"त्यांनी मला फसवलं नाही," मास्तर म्हणाले. "त्यांनी मला खरं सांगितलं. खोटं मी लिहिलं."

फानच्या हातातलं पेन खाली पडलं.

"काय म्हणालात?" याओचं तूप क्षणभर थिजलं.

"चौथ्या भेटीत पू-शिन आत्यांनी मला स्पष्ट सांगितलं, आम्ही लुंगहुआच्या. लिहायचं काय ते तुझं तू बघ म्हणाल्या. मी घरी आलो आणि उलटं लिहिलं. ठाऊक असून लिहिलं." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कडा खाल्लेली, पेन्सिलीचं अक्षर. "ही त्या दिवशीची वही. तारीख आहे. त्यांचे शब्द आहेत. हवी तर तपासून घ्या."

न्यायाधीशबाईंनी वही मागून घेतली. बराच वेळ वाचत होत्या.

याओ सावरला. हुशार होता. "म्हणजे तुम्ही कबूल करता, तुम्ही खोटं लिहिणारे संशोधक आहात. मग आज खरं बोलताय कशावरून?"

"खोटं बोलायचं असतं तर मी आज फसलो म्हटलं असतं. ते फार स्वस्तात पडलं असतं."

"आणि लष्करी कायदा उठून पस्तीस वर्षं झाली. दुरुस्त का केलं नाहीत?"

हाच तो प्रश्न.

"लाज वाटली," ते म्हणाले. "आधी लिहिलं ते त्यांच्यासाठी. नंतर गप्प बसलो ते माझ्यासाठी. नोकरी होती, नाव होतं. त्या लिहिण्याचं मला काही वाटत नाही. गप्प बसल्याचं वाटतं. त्यात यांचा काही दोष नाही."

ते लिएन आत्याकडे बघून बोलले नाहीत. बघवलं नाही त्यांना. मागच्या बाकावर आ-ग्योक रडत होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "तो माझा नवरा आहे."

दोन महिन्यांनी निकाल लागला. दावा फेटाळला. शानदे शाकघर लुंगहुआ पंथाचं, कारभार त्यांच्या रीतीने, लिएन आत्या आणि सत्तावीस पाट्या जागच्या जागी. निकालात एक वाक्य होतं, फानने ते मास्तरांना फोनवर वाचून दाखवलं: स्वतःचं आयुष्यभराचं नाव पणाला लावून साक्षीदाराने जे सांगितलं, ते त्या दिवशीच्या वहीशी जुळतं, म्हणून न्यायालय त्यावर विश्वास ठेवतं. भिक्षू ह्वेइ-चाओंनी अपील केलं नाही. पुन्हा पपनसं मात्र पाठवली.

मास्तरांच्या पायावर धोंडा मात्र पडायचा तो पडला. विद्यापीठाने चौकशी बसवली आणि पदवी काढून घेतली. जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी आल्या, फोटोसकट, तोही वाईट. कॉलेजातले जुने सहकारी बाजारात दिसले की भाजी निवडण्यात दंग व्हायचे. कोर्टाच्या जाणकारांच्या यादीतून नाव गेलं. तेराव्यांदा पायरी चढायचा प्रश्नच उरला नाही. आ-ग्योकने राखाडी कोट डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिला आणि नंतर बराच वेळ कपाटाशी उभी राहिली.

"देवांचे वकील बेकार झाले," मास्तर म्हणाले.

"वकील नव्हे. जाणकार साक्षीदार," ती फटकन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या पौर्णिमेला आत्याचा निरोप आला, दोघांनी जेवायला या. शेवया होत्या, अळंबी घातलेल्या, आल्याचा झणझणीत रस्सा, मुळ्याचं लोणचं. आसपासच्या सात-आठ बायका जमल्या होत्या. जेवणाआधी नमस्कार. आत्याने गुडघ्याखाली गवताची उशी घेतली आणि सुरुवात केली. मास्तर भिंतीशी उभे राहून सवयीने मोजत होते. पदवी गेली तरी मोजणं कुठे जातं? नऊ, दहा, अकरा, बारा.

बाराव्याला आत्या उठली, सदरा झटकला आणि उशी उचलून काखेत मारली.

"आत्या," मास्तर न राहवून म्हणाले, "तीन राहिले."

"कसले तीन?"

"वरचे. ते तीन."

"ते संपले," आत्या म्हणाली. "कोर्टात संपवलेस की तू."

मास्तरांना काही कळेना. आत्याने उशी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं हुशार पण बावळट मुलाकडे बघतात.

"तुझं पुस्तक आलं ना छापून, तेव्हा मोठ्या आत्याने वाचून घेतलं कुणाकडून तरी. म्हणाली, पोरगं आपल्यापायी खोटं लिहून बसलं. खोटं त्याच्या हातचं, पण कारण आपण. त्याचं तोंड उघडेपर्यंत त्याच्या वाटचे नमस्कार आपण घालायचे. दर अमावास्या-पौर्णिमेला तीन. ती होती तोवर तिने घातले. गेल्यावर मी."

"अगं बाई," आ-ग्योकने बोटांवर हिशेब केला आणि तोंडावर हात ठेवला. "तीन हजारांवर झाले हो."

"पण मी विचारलं होतं तुम्हाला!" मास्तरांचा आवाज चिरकला. "चार वेळा विचारलं!"

"तुला सांगितलं असतं तर तू लाजेने परत आला असतास का इथे? आणि असलं दुसऱ्याने सांगून कबूल करायचं नसतं रे." आत्याला हसू आवरेना. "तू मेल्या आकाश, पृथ्वी आणि पूर्वज म्हणून लेख लिहिलास. इथे येऊन वाचून दाखवलास वर! मोठी आत्या आत जाऊन सदऱ्याची बाही तोंडात कोंबून हसली होती. मी म्हटलं, असू दे, शिकलेला आहे."

बायका खो खो हसायला लागल्या. मास्तरही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. बेचाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की ते या बायकांकडे बघताहेत.

"बरं झालं बाई," आत्या गुडघे चोळत म्हणाली. "सुटले माझे हे."

मास्तरांनी जमिनीवरची उशी उचलली, पू-शिन आत्याच्या पाटीसमोर टाकली आणि कोटबिट नसलेला तो अडुसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसला.

"अरे, फिटलं ते सगळं," आत्या म्हणाली. "आता कुणासाठी?"

"तुमच्या गुडघ्यांसाठी," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोकं टेकलं. एक झाला, दोन झाले. तिसऱ्याला त्यांना वर उठता येईना, तेव्हा एका बाजूने आ-ग्योकने धरलं आणि दुसऱ्या बाजूने लिएन आत्याने.

"चला," आत्या म्हणाली, "शेवया गार होतायत."